तीनदा आलेला क्यू

चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत बसलेल्या कुणा कामगाराच्या चुका शोधणं, हा माझा धंदा आहे. लोकांना मी ‘कॉलेजात इंग्रजी शिकवते’ एवढंच सांगते. सगळं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : बेंगळुरूत बसून? मी मूळची निपाणीकडची. राग नाकावर घेऊनच जन्माला आलेली. त्यामुळे तो प्रश्न ऐकायचं मी शक्यतो टाळते.

परदेशातल्या एका ग्रंथमालेसाठी मी त्या काळातल्या एका इंग्रजी नाटकाची नवी आवृत्ती तयार करत होते. नाटक कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. त्याची एकच जुनी छपाई उरली आहे, आणि तीही गचाळ. कुठे ओळ गाळलेली, कुठे एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं. संपादकानं बसायचं, डोळे फोडून वाचायचं आणि लेखकाला काय म्हणायचं असेल ते ठरवायचं. या कामात माझी सात वर्षं गेली.

त्या नाटकात एक प्रवेश आहे. एका कोष्ट्यानं रागाच्या भरात मुलीला घराबाहेर काढलेलं असतं. म्हातारपणी त्याची दृष्टी जाते. मुलगी परत येते आणि ओळख न सांगता मोलकरीण म्हणून त्याच्याच घरी राहते. एका संध्याकाळी म्हातारा दारात उभा राहून रस्त्याकडे तोंड करून तिला हाका मारतो, आणि ती असते त्याच्या पाठीशी. जुन्या छपाईत त्याच्या भाषणात ‘घरी ये’ हे शब्द तीनदा येतात, दरवेळी थोडं बोलून झाल्यावर. माझं म्हणणं असं, की जुळवणाऱ्याची नजर घसरली आणि त्यानं तेच शब्द पुन्हा पुन्हा लावले. मी पहिल्या दोन जागी ते काढून टाकले. भाषण कसं सुटसुटीत झालं. त्यावर मी एक लेख लिहिला, तो छापून आला आणि मालेच्या मुख्य संपादकांनी पत्रात लिहिलं की ही दुरुस्ती निर्विवाद आहे. खोटं कशाला बोलू, ते पत्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

प्रुफं येण्याच्या सुमाराला माझ्या डोक्यात आलं की हे नाटक जुन्या रीतीनं उभं करून पाहावं. त्या काळी नटाला सबंध नाटक मिळत नसे. त्याच्या वाट्याची भाषणं तेवढी उतरवून देत, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे त्याचा क्यू. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांतही हेच चाले, त्याला नक्कल म्हणत. मराठी मंडळींचा एक हौशी ग्रुप बेळ्ळंदूरला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी जमायचा. सगळे आयटीतले. त्यांना मी दोन प्रवेश मराठीत करून द्यायचं कबूल केलं.

नकला उतरवायला मला माणूस हवा होता, आणि तो मिळाला आमच्या किराणा दुकानात. दुकानदाराचे सासरे एका फिरत्या कन्नड नाटक कंपनीत तीसेक वर्षं प्रॉम्प्टर होते. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांची मराठी घरात बोलायची, तरी वडिलांनी देवनागरी गिरवून घेतली होती. आता ते होसकोट्याला मुलाकडे राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण ते मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाले. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं.

मी त्यांना भाषांतराची वही पाठवून दिली. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

“अक्का, ह्या बापाच्या बोलण्यात स्वल्प काहीतरी...”

“आहे तसं उतरवा अण्णा, माझा तास आहे,” म्हणून मी फोन ठेवला.

तालमीच्या दिवशी ते दोन बस बदलून वेळेआधी हजर होते. नकला सुबक अक्षरात उतरवलेल्या, लांब पट्ट्या चिकटवून गुंडाळ्या केलेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अक्का, ते बापाचं सांगायचं होतं.” मी खुर्च्या मांडून घेण्यात गुंतले होते. “नंतर अण्णा, नंतर,” म्हटलं आणि तिथून सटकले. वाक्य पुरं होऊ न देण्याची माझी खोड जुनी आहे. घरचे त्यावरून चिडवतात, आणि त्यांनाही मी बोलू देत नाही.

मुलीचं काम करणारी मारतहळ्ळीला राहायची, पुण्याहून नोकरीसाठी आलेली. तिच्या नकलेत या प्रवेशात एकच ओळ होती. आधी क्यू, ‘घरी ये’, आणि मग, ‘आलेय, बाबा. केव्हाची आलेय.’ म्हातारा काय आणि किती बोलणार हे तिला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याचं काम करणाऱ्यानं सुरुवात केली. थोड्या वेळात तो म्हणाला, “घरी ये.” मुलगी लगेच बोलली, “आलेय, बा...” पण त्याचं भाषण संपलं नव्हतं. तो बोलतच राहिला. ती ओशाळून गप्प झाली. पुन्हा “घरी ये” आलं, ती पुन्हा बोलायला गेली आणि पुन्हा त्याच्या आवाजाखाली दबली. मग तिनं हात खाली टाकले.

“मॅम, सॉरी, माझा क्यू दोनदा येऊन गेला. मी नक्की कधी बोलायचंय?”

मी अण्णांपुढची वही ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. अण्णांना मी चुकून जुनी वही दिली होती, कधीकाळी स्वतःपुरती जुन्या छपाईवरून केलेली, दुरुस्तीच्या आधीची. मी पेन काढलं आणि म्हटलं, “चूक माझी आहे. हे पहिले दोन ‘घरी ये’ खोडून टाका.”

“स्वल्प थांबा, अक्का,” अण्णा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण मी थांबले. माझ्या हातातलं पेन त्यांनी हळूच काढून घेतलं.

“हेच सांगायला फोन केलेला. आमच्या कंपनीत मास्तर असंच लिहायचे. ज्याला नुसती नक्कल दिलेली, त्याला ठाऊक नसतं. तो क्यू ऐकून घाई करतो. ती घाईच पाहिजे असते. प्रॉम्प्टरला मात्र आधी सांगून ठेवायचे, इथं नटाला सांभाळू नको म्हणून.” मग ते मुलीकडे वळले. “तुझं काही चुकलं नाही अम्मा. क्यू आला की बोल. त्यानं तोडलं तर गप्प राहा. परत आला की परत बोल.”

त्यांनी तो प्रवेश पुन्हा करायला लावला.

म्हातारा रस्त्याकडे तोंड करून हाका मारत होता. मुलगी त्याच्या मागे उभी राहून ‘आले’ म्हणायला जायची, आणि त्याच्या स्वतःच्याच दुःखाच्या आवाजात त्याला ते ऐकू यायचं नाही. एकदा असं झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या हाकेनंतर तो खरंच थांबला. आता दोनदा फटका बसलेली ती मुलगी लगेच बोलेना. मग ती इतक्या हळू म्हणाली, “आलेय, बाबा. केव्हाची आलेय,” की म्हाताऱ्याचं काम करणारा मान वळवायचं विसरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्या मुलीसाठी होतं, अण्णांसाठी होतं, आणि थोडं माझ्या सात वर्षांसाठीही होतं.

कारण प्रुफं घरी टेबलावर पडली होती. त्यात त्या प्रवेशाखाली माझी ऐटबाज टीप होती, हे शब्द मी का काढले ते समजावणारी. छपाईतला तो कामगार चुकला नव्हता. चुकले होते मी, आणि तेही त्या प्रवेशाचा प्राणच उपटून फेकून. पत्र लिहायचं तर लेख खोटा ठरत होता आणि ‘निर्विवाद’ शब्दही जात होता. शिवाय पुरावा काय देणार? बेळ्ळंदूरच्या क्लबहाऊसमधली एक तालीम आणि इंग्रजी न येणारे एक प्रॉम्प्टर. लोक म्हणतील, बघा, बेंगळुरूत बसून. तीन दिवस मी चुळबुळत काढले. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ती मुलगी नजरेसमोरून हलेना. माझ्या आवृत्तीवरून कुणी हे नाटक बसवलं असतं, तर तिला त्या दोन वेळा तोंड उघडायलाच मिळालं नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी सगळं लिहून पाठवलं. क्लबहाऊस, नकला, चुकीची वही, अण्णा, काही लपवलं नाही. संपादकांचं उत्तर छोटं होतं. त्यांनी लिहिलं की जुने शब्द परत घाला, टीप नव्यानं लिहा आणि त्या गृहस्थांचं पूर्ण नाव कळवा. संपादकांचे हे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी आधी माझी अक्कल काढली असती.

नाव विचारलं तेव्हा अण्णा हसले. “प्रॉम्प्टरचं नाव कोण छापतं, अक्का? हँडबिलावर पडदे रंगवणाऱ्याचंसुद्धा असायचं, माझं कधी नव्हतं.”

पुस्तक आलं तशी मी होसकोट्याला गेले. सुनेनं कॉफी केली. अण्णांना आता गुडघ्यांमुळे फारसं बाहेर पडता येत नव्हतं, ते खाटेवर बसले होते. मी पान काढून दिलं आणि तळाच्या टिपेतल्या त्यांच्या नावाखाली बोट ठेवलं.

“फार बारीक छापलंय,” मी म्हटलं.

“बारीकच सरी, तेच बरोबर. प्रॉम्प्टर दिसायचा नसतो.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. न येणाऱ्या लिपीतलं आपलं नाव ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “ते बापाचं वाचा की, अक्का. मराठीत.”

मला ते पाठच होतं. मी दाराकडे तोंड करून म्हणू लागले. “घरी ये” म्हणताच पाठीमागून अण्णांचा आवाज आला, “आलेय, बा...” मी भाषण पुढे रेटलं, ते गप्प झाले. दुसऱ्यांदाही तसंच. ते म्हणत असताना मला माझा फोन आठवला, खुर्च्या आठवल्या. हा माणूस असाच दोनदा माझ्या पाठीशी उभा राहून काही सांगू पाहत होता, आणि मी बोलतच सुटले होते.

तिसऱ्यांदा “घरी ये” म्हटलं आणि मी थांबले. अण्णांनी घाई केली नाही. मीही केली नाही. सून कपबशा उचलायला आली होती, ती दारातच उभी राहिली.

“आलेय, बाबा,” अण्णा म्हणाले. “केव्हाची आलेय.”

मी मागे वळून त्यांच्याजवळ खाटेवर बसले. म्हटलं, आता सांगा अण्णा, तुम्हाला आणखी काय काय सांगायचं होतं.