बुडालेल्या गावाचा नकाशा

सरकारी कामाचा अहवाल चार पानांत आटपतो, किस्से मात्र दर चहाला वाढतात. नांदेडच्या आमच्या ऑफिसचं तर विचारूच नका. मी तिथं सर्व्हेअर. बिलोलीकडं एका धरणात जुनं गाव बुडालंय, देवळासकट. तिथं पंपहाऊस बांधायच्या आधी पाण्याखाली काय काय आहे ते नकाशावर आणायचं, हे आमचं काम.

*

मुंबईहून परवानगीचा फॉर्म आला तो समुद्रकिनाऱ्यासाठी छापलेला. एक रकाना होता, ‘समुद्रापासून अंतर’. आमचे कांबळे साहेब रकाना रिकामा सोडत नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘रेल्वेने एक रात्र.’

फॉर्म मंजूर होऊन आला.

*

मग सगळ्या खात्यांची मीटिंग. पाटबंधारेवाले म्हणाले, पाणी आमचं. मत्स्यवाले म्हणाले, मासे आमचे. महसूलवाले म्हणाले, वाळू आमची. आमची नाव चालवणारे शकीलभाई दारात उभे होते.

“म्हंजे देऊळ कुणाच्याच खात्यात न्हाई,” ते म्हणाले. “मग मी नेऊ का घरी?”

कांबळे साहेबांनी हे मिनिट्समध्ये जसंच्या तसं घातलं.

*

कोकणातून पाणबुड्या आला. पहिल्याच बुडीत त्यानं मधोमध भोक असलेल्या गोल दगडाचा फोटो काढला. “जुना नांगर दिसतोय, जहाजाचा.”

काठावर बसलेल्या म्हाताऱ्या गयाबाईंनी कॅमेऱ्यात डोकावलं. “जात्याचा वरचा दगड हाय माझ्या. खालचा घरी हाय. आणू का?”

*

पंपहाऊसचे खांब यायचे त्या जागी काहीच नाही, असं पंपहाऊस बांधणारे इंजिनियर साहेब ठामपणे सांगत होते. म्हणून आम्ही गयाबाईंना नावेत घेतलं. गाव बुडालं तेव्हा त्या नवी नवरी होत्या. नाव निघाली तशा काठावरच्या टेकडीकडं बघत जागेचा अंदाज घेत बसल्या.

“थांबव शकील.”

नेमकी खांबांचीच जागा, चोहीकडं नुसतं पाणी. गयाबाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला.

“पायऱ्या आल्या. तुमी बी काढा.”

मी काढल्या. शकीलभाई अनवाणीच होते. इंजिनियर साहेब हसले, बूट घालूनच बसले.

पाणबुड्या उतरला. बऱ्याच वेळानं वर आला, नावेला धरून दम घेतला. “पायऱ्याच आहेत. सात मोजल्या. पुढं देवळाची चौकट आहे.”

इंजिनियर साहेबांनी नकाशा मांडीवर घेतला, पंपहाऊसवर पेन्सिलनं काट मारली. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.