सगळे नंबर एकाच फोनवरून

रफिक गेल्याची बातमी मला आधी संगणकावर दिसली, पण ती मला वाचता आली नाही. भोर-वेल्ह्याच्या गावांत भातमळणीच्या मशीनसाठी नंबर लावायचं एक अ‍ॅप मी बनवलेलं आहे. रोज किती नंबर लागले याचा आलेख मला पुण्यात घरबसल्या दिसतो. ऐन हंगामात, त्या सकाळी, तो आलेख जमिनीला टेकला होता. एकही नंबर नाही. मला वाटलं सर्व्हर बसला. फोनचा आवाज बंद केला आणि चूक शोधत राहिलो. ती सापडेना, कारण सगळं नीट चालू होतं... संध्याकाळी फोन हातात घेतला तर कापूरहोळहून आलेल्या मिस्ड कॉलची रांग. रफिकच्या दुकानाशेजारच्या पंक्चरवाल्यानं शेवटी मेसेज टाकला होता. आदल्या संध्याकाळी दुकानातच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, दुपारी भोरला माती. मी पोचलो तेव्हा लोक परतले होते.

एक माणूस गेला तर सगळ्या खोऱ्याचे नंबर कसे थांबले, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला ते आधीपासून माहीत होतं. इतके दिवस बोललो नाही, ते आता सांगतो.

भोरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी आंबवड्याचा, तो भोरच्या पेठेतला. मी इंजिनिअर होऊन पुण्याला गेलो, त्यानं कापूरहोळच्या फाट्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाइकांची वाट बघता बघता वेबसाइट करायला शिकला. मळणीच्या नंबरासाठी त्यानं एकच पान केलं होतं. गाव, नाव, किती पोती, आणि खाली पोपटी रंगाचं हे एवढं मोठं बटण. तो रंग भयानक होता. मी तसं म्हणालो की तो चिडायचा. "रस्त्याच्या पल्याडनं दिसलं पायजे. तुला दाखवायला न्हाई केलेलं." पानात काही बदल केला की तो मोटारसायकलवर मार्गासनीच्या पुढं, रेंजची एकच काडी उरेल तिथवर जायचा, टपरीवर चहा सांगायचा आणि पान उघडायचा. चहा गार व्हायच्या आत उघडलं तर पास. फुशारकीही तेवढीच. "तुमच्या पुण्यातलं एक तरी हितं उघडून दाव."

पण त्या पानात एक मोठी खोट होती. कुणीही कुणाचाही नंबर पुसू शकायचा. एका हंगामात त्यावरून दोन घरं हातघाईवर आली आणि शिव्या रफिकला पडल्या. तेव्हा तो माझ्याकडं आला. "इंजिनेर, एवढं कुलूप लावून दे."

त्यानं कुलूप मागितलं, मी घरच पाडून नवं बांधलं. आमच्या धंद्यात दरवर्षी काहीतरी नवं येतं आणि ते न येणारा माणूस म्हातारा ठरतो. मी चाळिशी ओलांडलेली, हाताखालची पोरं माझ्या पुढं गेलेली. ते नवं कुठंतरी वापरून बघायला मला जागा हवी होती, ती रफिकच्या पानात मिळाली. अ‍ॅप झालं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, कोपऱ्यात तीन रेघांचा मेन्यू, आत शिरायला ओटीपी. खोऱ्यात तो ओटीपी पोचायचा तेव्हा त्याची मुदत संपलेली असायची. उन्हात अक्षरं दिसायची नाहीत.

"तुझ्या त्या तीन रेघा बघून लोक काच तडकली म्हून दुकानात येत्यात," रफिक म्हणाला.

"सवय होईल रे."

"कुणाला? आंगठ्याला का डोळ्यांना?"

मग त्याची कुरकुर थांबली आणि आलेख चढायला लागला. तो आलेख मी पुण्यात एका बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवला, टाळ्या घेतल्या, त्याच्या जोरावर पुढची कामं मिळवली. पुढच्या हंगामात सहज बघितलं, किती वेगवेगळ्या फोनवरून नंबर लागतात... जवळजवळ सगळे एकाच, रफिकच्या. लोक रफिकला फोन करायचे, तो दुरुस्तीचं काम बाजूला ठेवून "गाव?" असं विचारायचा आणि त्यांचे नंबर माझ्या अ‍ॅपमध्ये घालायचा. मित्राचं हसं होऊ नये म्हणून. मी तो आकड्यांचा तक्ता मिटला. त्याला काही बोललो नाही.

राग माझा मला येतोच, पण त्याचाही येतो. शाळेत पेन मोडलं म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरणारा हा माणूस, त्यानं इथं गप्प का बसावं? चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी सुधारलो तरी असतो. गेल्या दिवाळीआधी त्याच्या दुकानात चहा पीत होतो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ते जुनं पान बाजूला चालू ठेवता येतंय का रं? आसूं दे आपलं पडून." मी म्हणालो, पुढच्या अपडेटला बघू. त्यानं मान हलवली आणि कुणाचा तरी फोन घेतला. "गाव?"

माती झाल्यावर त्याच्या घरी गेलो तर कोनाड्यात त्याचा फोन वाजत होता. शबाना वहिनी म्हणाल्या, "कालपास्नं असाच वाजतोय. तुमीच घ्या, मला त्यातलं कळत न्हाई." मी उचलला. पलीकडं कुणी म्हातारा होता. मी म्हणालो, "रफिक गेले हो."

"ठावं हाय. मातीला हुतो म्या." मग कामाचं बोलला. "पर मशीन परवा पुढच्या गावाला जातंय. आता नंबर कुटं लावायचा?"

मी त्याच फोनवर माझं अ‍ॅप उघडलं. अपडेट करा, म्हणालं. अपडेट करायला गेलो तर फोनमध्ये जागा नव्हती. वहिनींसमोर उभं राहून मी त्या म्हाताऱ्याचा नंबर माझ्या हातावर पेनानं लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून जुनं पान शोधून पुन्हा चालू केलं आणि त्याला कुलूप लावलं. मशीनवाला आणि ज्याचा नंबर तो, या दोघांशिवाय कुणाला पुसता येणार नाही, एवढंच. एक दुपार लागली. त्यानं मागितलं होतं ते एका दुपारचं काम होतं. मार्गासनीच्या पुढं जाऊन उघडून पाहिलं. चहाला हात लावायच्या आत पोपटी बटण समोर.

त्यावर आता लोक नंबर लावतात, पण सगळे नाहीत. काहींना अजून फोनच करायची सवय आहे, आणि ती आम्ही दोघांनी मिळून लावलेली आहे. त्याचा फोन वहिनींनी माझ्याकडंच ठेवायला दिलाय. माझ्या टेबलावर चार्जिंगला असतो. वाजला की मी हातातलं काम ठेवतो. सुरुवातीला मी नाव सांगायचो, रफिकचा मित्र बोलतोय म्हणायचो, मग समोरचा हळहळायचा आणि नंबर राहून जायचा. आता नुसतं म्हणतो, "गाव?"

पलीकडनं गावाचं नाव येतं, मग माणसाचं, मग किती पोती.