शुद्ध मराठीचा कूलर

मे महिन्यात सुरतेच्या पांडेसऱ्यातली आमची पत्र्याची खोली दुपारी बारानंतर माणसांची राहत नसे. वडील डाईंगच्या मिलमध्ये, आई भिंतीला टेकून साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेली, आणि मी अन माझा सहा वर्षांचा भाऊ ओल्या गोणपाटावर लोळत असू. भावाच्या पाठीवर घामोळ्यांना जागा उरली नव्हती. बाहेर खेळायला जायची सोय नव्हती, लू चालायची.

तेव्हा रस्त्यापलीकडच्या पक्क्या सोसायटीतल्या काकूंना आमचा कळवळा आला. काकू पुण्याकडच्या, यजमान बँकेत. आई त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. मराठी मुलं परमुलखात बिघडत चाललीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून बारा ते चार त्यांच्या हॉलमध्ये पंधरा दिवस संस्कारवर्ग. आईला संस्कारांचं काही पडलं नव्हतं. त्या हॉलमध्ये वाळ्याचा कूलर होता, आणि भावाची पाठ चार तास तरी थंड राहील एवढंच तिला कळत होतं. तिने मला बजावलं, त्याच्याकडे लक्ष ठेव.

काकूंचा नियम एकच, शुद्ध बोलायचं. घरची अहिराणी तोंडातून निघाली की दहा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं, उन्हात, अनवाणी. कूलर, फ्रिज आणि टीव्ही हे शब्द मात्र शुद्ध होते, कारण त्या वस्तू त्यांच्याकडे होत्या. स्वतः काकू भाजीवाल्याशी मोडकं गुजराती बोलत आणि तो हसला की त्याला अडाणी म्हणत. आम्हाला श्लोक, मग गोष्ट, मग मुठीत मावेल एवढा चिवडा. चिवडा देताना आमच्या बोटांना हात लागू नये म्हणून त्या चमचा उंच धरत. पंधरा दिवस सगळ्यांत शुद्ध बोलेल त्याला कंपासपेटी मिळणार होती. ती टीव्हीवर, आम्हाला दिसेल अशी ठेवलेली असे.

मला ती पेटी हवी होती. खरं सांगायचं तर मला काकूच व्हायचं होतं. मी आठवड्याभरात ‘णी’ आणि ‘ळी’ असे काही उच्चारू लागले, की शेजारच्या पोरी मला बघून तोंड फिरवत. त्या जळतात अशी मी समजूत करून घेतली.

शेवटच्या दिवशी काकूंनी गोलात बसवून अंक म्हणायचा खेळ घेतला. एकाने एक म्हणायचं, पुढच्याने दोन. माझा भाऊ चिवडा खाऊन मघापासून चुळबुळत होता. त्याची पाळी आली तेव्हा सतरा म्हणायचं होतं. तो हळूच म्हणाला, “तीस लागनी.”

“तीस कुठून आलं मध्येच?” काकू म्हणाल्या. “सतरा.”

“तीस,” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

अहिराणीत तीस म्हणजे तहान. काकूंना ते ठाऊक नव्हतं, त्यांना आमच्याबद्दल ठाऊक असं काहीच नव्हतं. पण गोलातली निम्मी पोरं आमच्यासारखीच खानदेशची होती, आणि ती सगळी काकूंबरोबर हसली. मीही हसले. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण सांगितलं असतं तर ती आमची भाषा मला येते हे उघडं पडलं असतं. टीव्हीवरची पेटी तिथेच होती. काकू म्हणाल्या, मोजताही येत नाही आणि नीट बोलताही येत नाही, आणि त्यांनी त्याला दंडाला धरून गॅलरीत नेऊन उभं केलं. खेळ रंगला आणि दहा मिनिटं कुणी मोजली नाहीत. जाळीच्या दारातून तो एकेक पाय उचलून उभा दिसत होता. मी तिकडे पाठ करून बसले आणि माझा अंक बरोबर सांगितला.

पेटी मला मिळाली. काकूंनी माझ्या गालाला हात लावला आणि या मुलीचं मराठी ऐका म्हणाल्या. तो हात मला तेव्हा फार थंड आणि छान वाटला, हे आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

घरी आल्यावर भाऊ माठाशी बसला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. तळपायांना फोड आले होते. आईने टिकल्यांचा डिंक हाताला तसाच ठेवून त्याचे पाय मांडीवर घेतले.

“तठे पानी काब्र मांगं नही?” का मागितलं नाहीस, असं तिने विचारलं.

“मांगं ना,” तो म्हणाला. “कोनलेच समजनं नही. ताईले बी नही.”

तो तक्रार करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पेटीकडे बघितलं, आणि त्याच्या पायांना खोबरेल लावू लागली.

कंपासपेटी मी दहावीपर्यंत वापरली. चांगली निघाली.