कानाने रांधणारी फिलोमिना

शॅरनचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी चवळीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. "सुलू आंटी, मम्मा गेली," एवढंच ती म्हणाली. सकाळी उठलीच नाही, डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. मी जुडी तिथेच ठेवून घरी आले, चपला न काढता खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, राग होता. न सांगता जायची ही तिची जुनी खोड. ऑफिसातूनसुद्धा संध्याकाळी ती कधी कोणाला 'निघते गो' म्हणून गेली नाही... दुसऱ्या दिवशी माहीमला चर्चबाहेर आमच्याच ऑफिसातल्या चौघींनी माझा हात हातात घेऊन एकच गोष्ट सांगितली. सुटली बिचारी. इतकी वर्षं ना वास ना चव, असलं कसलं ते जगणं! मी गप्प बसले, कारण चर्चच्या पायरीवर भांडण शोभत नाही. पण आता दीड महिना झाला, आता बोलते. फिलोमिना बिचारी नव्हती. हा शब्द तिच्या तोंडावर काढून दाखवायची त्या चौघींपैकी एकीचीही छाती झाली नसती.

फोर्टातल्या एका विम्याच्या कचेरीत आम्ही दोघी सत्तावीस वर्षं एका टेबलावर जेवलो. मी दादरची, कारकुनाची मुलगी आणि कारकुनाचीच बायको. ती माहीमच्या गावठाणातली, मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चनांपैकी, ईस्ट इंडियन. आणि हे ऐकवायची एक संधी ती सोडत नसे. "तुम्ही सगळे नंतर आलात, मॅन," असं ती वरच्या साहेबालाही सांगून आली होती. आमच्या टेबलाची एक रीत होती. एक वाजता डबे उघडायचे, झाकणं उलटी करून मध्ये मांडायची आणि प्रत्येकीने आपल्यातला एकेक चमचा प्रत्येक झाकणावर वाढायचा. वाढताना 'आज काही जमलं नाही हो' असं म्हणायचं नाही आणि खाताना खोटं कौतुक करायचं नाही. दोन्ही नियम फिलाचे. माझी भेंडी चिकट झाली की ती 'चिकट' म्हणायची, आणि मी तिचं बोंबलाचं कालवण खाऊन कधी 'खारट' म्हटलं तर दिवसभर माझ्याशी फायलीतून बोलायची.

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती. दादर ते माहीम म्हणजे किती, बसचे मोजून पाच-सहा थांबे. पण त्या दिवसांत तेवढं अंतरही सातासमुद्रापलीकडचं झालं होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर नुसते काढे आणि घाबरवणारे निरोप फिरत होते. फिलाने आम्हा अकराजणींचा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'एक वाजता', आणि फर्मान सोडलं. दुपारी एकला प्रत्येकीने आपल्या ताटाचा फोटो टाकायचा. सजावट नको, कोथिंबीर भुरभुरवणं नको, जे खरोखर ताटात आहे तेच. काढ्याचा निरोप टाकेल तिला दंड, दुसऱ्या दिवशी दोन पदार्थांच्या कृती लिहायच्या. हसू नका, त्या फोटोंनी आम्हाला तगवलं. कोणाकडे नारळ नव्हता, कोणाकडे तेल पुरवून वापरणं चाललं होतं, डिलाईल रोडच्या चाळीतल्या नलिनीच्या मजल्यावर तर पंधरा दिवस दोरी बांधून वाट बंद केली होती आणि सामान टोपलीने वर यायचं. मग सुरू झालं, कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी, कोबीचा दांडा किसून थालीपीठ, शिळ्या पावाचा उपमा. मी फ्लॉवरच्या पानांची पीठ पेरून भाजी केली तो दिवस मला सणासारखा आठवतो. आमचे हे, जे चाळीस वर्षांत ताटाकडे न बघता जेवले, ते एक वाजता चष्मा लावून सगळ्यांची ताटं बघायला लागले.

फिलाच्या ताटात सुकी मासळी. होड्या बंद, बाजार बंद. वर्षाचा बॉटल मसाला, म्हणजे उन्हाळ्यात बायका बोलावून कुटायचा आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा तो, त्या साली कुटताच आला नाही, कारण कुटणाऱ्या बायका गावाला अडकल्या. आदल्या वर्षाच्या दोन बाटल्या तिने जपून जपून वापरल्या. जूनमध्ये तिला चार दिवस ताप आला. 'साधा आहे,' म्हणाली. तपासलं नाही, कारण तपासलं असतं तर उचलून क्वारंटाइनला नेलं असतं आणि तिथलं जेवण तिला चाललं नसतं. ताप उतरला, ताटाचे फोटो पुन्हा सुरू झाले. आम्हाला काहीच कळलं नाही.

कळलं ते असं. जुलैत एकदा आम्ही दोघी व्हिडिओवर बोलत होतो. ती खुर्चीत, मागे ओटा, ओट्यावर तव्यात जवळा भाजत ठेवलेला. बोलता बोलता मला तिच्या खांद्यामागे धूर दिसला. आधी वाटलं माझाच चष्मा. मग तवा दिसेनासा झाला. जळका जवळा म्हणजे काय चीज आहे हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तो माहीमला जळला तर दादरला खिडक्या लावाव्या लागतात. आणि ही बाई त्याच्यापासून चार हातांवर बसून मला तांदळाचा भाव सांगत होती. मी म्हटलं, फिला, मागे बघ. तिने बघितलं, उठून गॅस बंद केला, परत येऊन खुर्चीत बसली.

मग सांगितलं. दीड महिना झाला, वास अजिबात नाही. खारट, आंबट, तिखट तेवढं जिभेला कळतं, बाकी सगळं सपाट. खोटा डबा चालणार नाही असं आम्हाला दरडावणारी बाई दीड महिना आमच्याशी खोटं वागली होती, आणि त्याची तिला काडीची लाज वाटत नव्हती. "नाक गेलंय, डोकं नाही गेलं," ती म्हणाली. तिने माझ्याकडून वचन घेतलं. ग्रुपवर बोलायचं नाही, आणि शॅरनला तर मेलीस तरी सांगायचं नाही. शॅरन ही तिची एकुलती एक लेक, मालाडला राहणारी, आईपेक्षा जास्त हट्टी. मी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला एक ऑडिओ पाठवला. त्यात शब्द नव्हता, नुसती चरचर. मी फोन करून विचारलं हे काय, तर म्हणाली, पुन्हा ऐक. कांदा तेलात पडतो तेव्हा त्याच्यातलं पाणी ओरडतं, पाणी आटलं की आवाज खाली बसतो, आणि मग बारीक, सुटा सुटा होतो; तेव्हा मसाला टाकायचा, आधी नाही. भात शिजत आला की बुडबुड्याचा आवाज जाड होतो. भाकरी उलटायची वेळ तव्यावर बोट ठेवल्याशिवाय कानाला कळते. पन्नास वर्षं हे सगळं तिच्या कानावर पडत होतं, पण नाक पुढे पुढे करायचं म्हणून कानाला कोणी विचारलंच नव्हतं. हळूहळू ती ग्रुपवरही हे आवाज टाकू लागली. सगळ्यांना ती गंमत वाटली. नलिनीने तर विचारलं, हा आवाज मसाल्याचा आहे की तुझा गॅस लीक होतोय? फिलाने हसण्याचं चित्र टाकलं. मी मात्र त्या दिवशी ताट तसंच बाजूला सारलं.

आणि शेवटी तेच झालं. ऑगस्टात एका सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस वाहत राहिला. शेजारची ॲग्नेस ओरडत आत आली, तिने बटण बंद केलं, दारं उघडली. फिलाने हे मला विनोद म्हणून सांगितलं, ॲग्नेसच्या गाऊनचं वर्णन वगैरे करून. मी हसले, फोन ठेवला आणि तासाभराने शॅरनला फोन करून सगळं सांगून टाकलं. वचन मोडलं. मला दोन गोष्टींतली एक निवडायची होती, वचन की फिला, आणि मी फिला निवडली. याबद्दल मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

शॅरन पास काढून आली, सिलिंडर आणि शेगडी उचलून घेऊन गेली आणि आईच्या पुढ्यात विजेची शेगडी ठेवली. त्या दिवशी ग्रुपवर ओळ आली, फिलोमिना ग्रुप सोडून गेली. स्वतः काढलेला ग्रुप! नंतर अकरा दिवस एक वाजता दहाच ताटं. माझे फोन तिने उचलले नाहीत. मी रोज करत होते, ती रोज कापत होती. निदान जिवंत आहे हे त्यावरून कळायचं.

बाराव्या दिवशी एक वाजता मला एकटीला फोटो आला. माहीमच्या घराचं अंगण, तीन दगड, खाली लाकडं, वर काळंकुट्ट मडकं. खाली लिहिलं होतं, "चूल लीक होत नाही. शॅरनला सांग." सासूच्या वेळची, सणाला फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे तळायची चूल तिने पुन्हा मांडली होती. विजेची शेगडी म्हणे मुकी होती, तिच्यावर काही बोलत नाही. शॅरनने आदळआपट केली, धुराबद्दल दोन घरांनी तक्रार केली. फिलाने त्या दोन्ही घरांना बोंबलाचं कालवण पाठवलं आणि तक्रार मिटली. ग्रुपमध्ये परत आली ती स्वतःच सगळं जाहीर करून. नाक गेलंय, चुलीवर रांधते, कोणी दया दाखवायची नाही, कोणी कापूर-ओव्याची पुरचुंडी सुचवली तर दंड.

लोक बाहेर पडायला लागले तशी मी माहीमला गेले.  तिने दार उघडलं, आत जाऊन ताट वाढून आणलं. मी पहिला घास उचलला तर म्हणाली, थांब, आधी वास सांग. मी म्हटलं, चांगला आहे. ती भडकलीच.

"चांगला म्हणजे काय? फायलीवर असं लिहिलं असतंस का?"

मग मी ताटात नाक घालून बसले. शब्द सापडेनात. साठ वर्षं नाक वापरलं, पण त्याचा हिशेब कधी कोणी मागितला नव्हता. आधी धूर आहे, म्हटलं, ओल्या लाकडाचा नाही, सुक्या. त्याच्या मागे चिंच. चिंचेच्या मागे मसाला, उन्हात वाळत घातलेल्या चटईसारखा... ती डोळे मिटून ऐकत होती. "हां," म्हणाली, "बरोबर झालंय." नंतरची सगळी वर्षं दर पंधरा दिवसांनी मी जायचे आणि जेवायच्या आधी तेवढं काम करायचे. तिने मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. पण चुकलं असेल माझं, तर ते फेडायला तिने मला हे दिलं होतं, आणि मी एकही खेप चुकवली नाही. माझंच जगणं त्याने बदललं. आता जिन्यातून उतरताना मला कोणाच्या घरी काय शिजतंय ते नावानिशी कळतं. तेव्हा ज्यांना वाटतं की ती चवीशिवाय जगली, त्यांनी तिच्या अंगणात एकदा तरी जेवायला यायला हवं होतं. बोलावलं होतं सगळ्यांना. धुराने साड्या खराब होतात म्हणून आल्या नाहीत.

चर्चमध्ये तिच्या नावाची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली, त्यानंतरच्या रविवारी शॅरनने मला माहीमला बोलावलं. घर आवरायला आली होती, आणि आईचं कालवण स्वतः करायचं तिने ठरवलं होतं, अंगणात, चुलीवर. लाकडं पेटवताना पाठमोरीच तिने विचारलं, "आंटी, मी चूक केली का तेव्हा? तिचं किचन काढून घेतलं..."

"नाही," मी म्हटलं. "मीही नाही केली. आणि चूल मांडली ती तिनेही बरोबरच केलं."

 मग डोळे पुसून तिने कांदा तेलात सोडला आणि किती मिनिटं परतायचा ते विचारलं. मिनिटं नाहीत, मी म्हटलं. मग वासावरून कळणार का, तिने विचारलं.

"नाक धर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डाव्या हाताच्या चिमटीत नाक धरलं आणि चुलीवर वाकली. कांदा जोरात चरचरत होता. ॲग्नेस कुंपणापलीकडून काही विचारायला लागली, तिला मी हाताने थांबवलं. आवाज हळूहळू खाली बसला, मग बारीक झाला. आता, असं मला सांगायचं होतं, पण मी ओठ दाबून धरले. शॅरनने मला विचारलं नाही. नाकावरची चिमटी तशीच ठेवून तिने उजव्या हाताने मसाला टाकला, आणि तो अगदी वेळेवर टाकला.