कुंपणापलीकडची चेरी

दुकानातून आणलेल्या चेऱ्या आज सिंकमध्ये धुतल्या आणि त्या वासासरशी अमेरिकेतल्या बॉथेलच्या या घरातली एक जुनी सकाळ आठवली.

गोड चेरीचं एकटं झाड सहसा फळ धरत नाही, त्याला जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. म्हणून मी आणि शेजारच्या वृंदानं, दोघी नागपूरच्या, कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे एकेक झाड लावलं होतं. "विहिणी आहेत गं या," ती म्हणायची.

एप्रिलमधल्या त्या सकाळी करवतीचा आवाज ऐकून मी मागे धावले. तिचं फुलांनी लगडलेलं झाड गवतावर आडवं पडलं होतं. मधमाश्या अजून त्यावर घोंघावत होत्या.

"अगं, घर विकतोय ना आम्ही," वृंदा म्हणाली. "एजंट म्हणाला, बॅकयार्ड मोठं दिसेल. तुला सांगणारच होते."

आदल्याच संध्याकाळी ती माझ्या ओट्याशी उभी राहून चहा पिऊन, मनसोक्त गप्पा मारून गेली होती. तेव्हा मी झाडासाठी रडले. आता तो चहाच जास्त झोंबतो.

माझं झाड अजूनही दरवर्षी पांढरंशुभ्र फुलतं, चेरी मात्र एकही धरत नाही.

"यार, आपल्याच अंगणात दुसरं लावूया की," नवरा म्हणतो.

मी लावू देत नाही.