गोलाला कटती

घनसावंगीहून कुंभार पिंपळगावला जाणाऱ्या जीपमध्ये तो मला एकदाच भेटला. पुढे दोघांची जागा एकट्याने अडवून, देशासाठी सर्वांत जास्त गोल मारणाऱ्यांची पेपरात आलेली यादी तो अख्ख्या जीपला वाचून दाखवत होता. फुटबॉलला त्याने जन्मात पाय लावला नसावा, पण पेपरवाल्यांनी लावलेली क्रमवारी त्याला बिलकुल मान्य नव्हती.

एकेक नाव वाचलं की तो अंगठा तर्जनीवर चोळायचा, नाक मुरडायचा आणि पंधरावीस गोल सरळ कापायचा. "हे बारक्या देशावर मारलेले. वला माल हाये. कटती लागंल." पहिला फाटा यायच्या आत यादीतला पहिला गडी सातवा झाला.

त्या चोळण्यावरून मी ओळखलं, हा कापसाचा व्यापारी. शेतकऱ्याचा कापूस असाच बोटांत चोळायचा, ओला आहे म्हणायचं आणि वजनातून कटती धरायची, ही यांची रीत. कापूस कोरडा ठणठणीत असला तरी यांच्या बोटांना तो ओलाच लागतो.

"दुबळ्यावर मारलेला गोल मोजायचाच न्हाई," त्याने शेवटी निकाल दिला.

मागे, कापूस विकून रिकामी पोती मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने शांतपणे विचारलं, "मंग शेठ, तुमचे किती उरले?"

ड्रायव्हरसकट सगळी जीप हसली. शेठने पेपरची घडी घातली आणि सरकून शेजारच्याला जागा दिली.