जावयाने बसवलेलं सोलर

जावयाने बसवलेल्या सोलर पॅनेलवर संशय घेण्याचा सासऱ्याला हक्क नसतो, म्हणून मी तो गुपचूप घेतला.

संशय हा माझा तीस वर्षांचा पोटापाण्याचा धंदा. मी रेल्वेत टीसी होतो. मी डब्यात नुसता चढलो तरी तिकीट काढलेला माणूससुद्धा खिसे चाचपायला लागायचा. निवृत्त झालो, पूर्णेत घर बांधून तयार होतंच, पण खाली चाकं नसली की मला झोप येईना. शेवटी एका बंद पडलेल्या शाळेची पिवळी मिनीबस विकत घेतली, बाकडी काढून टाकली आणि आत दोन पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, पंखा असा संसार मांडला. फिरतं घर! माझी बायको सुमन ते बघून म्हणाली, की एक घर झाडून पाठ मोडली, आता चाकावरचं दुसरं आलं.

फ्रिजला आणि पंख्याला वीज हवी. आमचे जावई विकासराव ताडकळसला शेतकऱ्यांच्या विहिरींवर सोलर पंप बसवून देतात. (मी त्यांना तोंडावर अहो-जाहो करतो. मनात काय करतो, ते पुढे येईलच.) बस दुकानासमोर आणून लावा, दोन दिवसांत टपावर चार पॅनेल टाकून देतो, असं ते म्हणाले आणि पैशाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट प्रवास करणारे मी हजारांनी पाहिले होते, फुकट प्रवास घडवणारा कधी भेटला नव्हता.

दोन दिवस मी त्यांच्या दुकानापुढे खुर्ची टाकून पहारा दिला. टपावर लोखंडी चौकट, चौकटीवर पॅनेल, टपाला भोक पाडून वायर आत, भोकाच्या कडेला पाणी शिरू नये म्हणून चिकट पुट्टी. मी नट मोजले. एक उरला. विकासराव म्हणाले, जादाचा आहे. मी तो पुरावा म्हणून खिशात टाकला.

बॅटरी किती भरली ते दाखवणारी आकड्यांची एक डबी आत बसवली होती. ताडकळसहून निघताना तिच्यात शंभर आकडा होता. पूर्णेला पोचलो आणि बस अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली उभी केली. आमच्या परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात उन्हात गाडी लावणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर गाडी दुसऱ्याची असते. मी तर टपावर ओलं गोणपाटही टाकणार होतो, पण नेमकं ते सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबीत ऐंशी. तिसऱ्या दिवशी साठ. पाचव्या दिवशी फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी झालं आणि पंखा दोन गिरक्या मारून थांबला. मी वहीत सगळं टिपून ठेवलं आणि निष्कर्ष काढला. जो माल ताडकळसला चालतो आणि पूर्णेत चालत नाही, तो माल मुळात तोच नाही. मला दाखवला एक आणि मी चहा प्यायला गेलो तेव्हा बसवला दुसरा!

पण बोलायचं कोणाला? पल्लवी आमची एकुलती एक लेक. मी जावयावर चोरीचा आळ घेतला आणि तो खोटा निघाला, तर तिने सासरी कोणत्या तोंडाने वावरायचं? आणि खरा निघाला तर मी कोणत्या तोंडाने वावरायचं? ह्या विचाराने मला जेवण जाईना. सुमनला वाटलं, पित्त झालंय. तिने मला दोन दिवस नुसतं ताक पाजलं.

रविवारी विकासराव स्वतःहून हजर. त्यांनी बसकडे पाहिलं, वर झाडाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "मामा, ह्या लिंबाची सावली लय दाट हाय."

"वीस वर्सं पाणी घातलंय," मी म्हणालो. विषय बदलायची ही तऱ्हा मी ओळखून होतो. तिकीट मागितलं की लोक हवापाण्यावर बोलायला लागतात.

"गाडी जरा फिरवून आणू का? एका जागी उभी राहिली की टायर बसतेत."

मी चावी दिली. दोन तासांनी ते परत आले, तेव्हा घामाने निथळत होते आणि डबीत आकडा होता नव्वद!

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आठवडाभर आकडा खाली, जावई आले की वर. आता मात्र माझी खात्री पटली. ह्या माणसाने कुठेतरी छुपं बटण ठेवलं आहे. आपण असलो की चालू, गेलो की बंद. कशासाठी, ते कळत नव्हतं. पण बिनकारणाचा संशय मला नवा नव्हता. शिवाय तो रविवारी गाडी नेऊन एकेक पॅनेल बदलत असेल तर? मी शिडी लावून टपावर चढलो आणि सुमनच्या नखांना लावायच्या लाल रंगाने चारी पॅनेलच्या कोपऱ्यात एकेक ठिपका दिला. वरचा पालापाचोळा आणि चिमण्यांची घाण बाजूला सारताना हात लागला, तर भर दुपारी पॅनेल थंडगार होतं. माल अगदीच टाकाऊ नसावा, असं क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात अधिक महिना आला. ह्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, त्याला देवासारखा मान द्यायचा. सुमन तीन दिवस अनारशांच्या पिठात गुंतलेली आणि मी सापळ्याच्या तयारीत. जेवणाआधी त्याला रंगेहाथ पकडायचं, असं मी ठरवलं. (जेवणानंतर पकडलं तर अनारसे वाया गेले असते.)

विकासराव दहालाच आले आणि त्यांनी चावी मागितली. मी हसतमुखाने दिली. बस गल्लीतून वळली तसा मी स्कूटर काढून मागे निघालो.

बस बाजारतळावर गेली. बाजाराचा दिवस नव्हता, सगळं मैदान रिकामं, नावालासुद्धा झाड नाही. मी कडेच्या रसवंतीच्या छपराखाली दडून बसलो. विकासराव टपावर चढले, ओल्या फडक्याने पॅनेल पुसली, एका कोपऱ्याशी थांबून हात जोडले आणि खाली उतरले. मग मागच्या चाकापाशी वीतभर सावली होती, तिच्यात उकिडवे बसले. डोक्यावर ओला टॉवेल. आता साथीदार येईल म्हणून मी वाट पाहू लागलो. मी उसाच्या रसाचे दोन गिलास संपवले. कोणी आलं नाही. सावली सरकेल तसे विकासराव सरकत होते, एवढीच काय ती हालचाल. तासाभराने मला राहवेना. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काय करायलात इथं?"

ते धडपडत उठले. "काही न्हाई मामा. बॅटरी भरायलोय."

"घरी भरत न्हाई का ती?"

त्यांनी खाली मान घातली. पायाने माती उकरली. "घरी ऊन कुठं हाय, मामा? तुमी लिंबाखाली लावता. सोलरला ऊन लागतंय. पैल्याच दिवशी सांगणार व्हतो, पण तुमाला कसं सांगावं? तुमी वडीलधारे. म्हणलं, आपणच रविवारी येऊन भरून द्यावी."

मी वर पाहिलं. सूर्य होता. तो रोजच असतो, पण त्याचा आणि माझ्या पॅनेलचा काही संबंध असेल, हे तीस वर्षं सगळ्यांची चौकशी करणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"अन् ते हात कामून जोडले?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"तुमी पॅनेलला कुंकू लावलंय न्हवं? एवढी पूजा करून ठेवलीय म्हणलं, म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातला नट मांडीला टोचत होता. माफी मागावी असं फार वाटलं, पण सासऱ्याने जावयाची माफी कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "चला विकासराव, धोंडे निवायलेत." आणि त्यांना उसाचा रस पाजला. तिसरा गिलास मीही घेतला.

घरी सुमन दारातच उभी. जावयाचं तोंड टमाट्यासारखं लाल झालेलं पाहून तिने मलाच धरलं. "अवो, धोंड्याच्या जावयाला उन्हात कामून बसवलंव? बसायचंच व्हतं तर सोता बसायचं!"

मी खरं सांगायला तोंड उघडणार, तोच विकासराव म्हणाले, "मामाचा काही दोष न्हाई, मामी. बोलण्याच्या नादात ऊन कळलंच न्हाई."

त्या दिवशी मी त्यांना स्वतःच्या हाताने वाढलं. सहावा अनारसा टाकला तेव्हा ते नको नको म्हणत होते आणि मला भरून आलं होतं. असला जावई मिळायला माझं नशीबच मोठं. माझ्या अकलेला तो कधीच शोधून सापडला नसता.

लिंबाला हात लावायचा नाही, असा सुमनचा हुकूम आहे. म्हणून आता मीच रोज दहाला बस बाजारतळावर नेतो. बॅटरी शंभर, फ्रिजमध्ये बर्फ, आत पंखा भन्नाट फिरतोय. मी मात्र दोन तास बाहेर चाकाशी, डोक्याला ओला टॉवेल बांधून उकिडवा बसतो. आत पंख्याखाली बसलं, तर टपावर कोण चढलं ते दिसत नाही.